आधी लगीन काळोखाचं

घरात प्रोजेक्टर बसवायचं ठरलं की माणूस आधी दुकान गाठतो, आणि तिथेच पहिली चूक होते. आधी मान वर करून ट्यूबलाइटकडे पाहावं. हॉलच्या भिंतीवर जी २० वॅटची एलईडी पट्टी आडवी बसवलेली असते, ती साधारण २००० ल्युमेन प्रकाश देते आणि दोन-तीनशे रुपयांत मिळते. मध्यम दर्जाचा, खोक्यावर खरं लिहिणारा घरगुती प्रोजेक्टरही २००० ल्युमेनच्या आसपासच प्रकाश देतो. त्याला पाऊण लाखाच्या आगेमागे पैसे पडतात. हे दोघे एकाच खोलीत एकाच वेळी चालू राहिले तर चित्राचं काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून या मार्गदर्शिकेचं म्हणणं एवढंच आहे की प्रोजेक्टर ही दुय्यम खरेदी आहे. मुख्य खरेदी काळोखाची, आणि तो सुलभ हप्त्यांवर मिळत नाही. तो घरातल्या माणसांकडून, एकेकाला गाठून, मिळवावा लागतो.

यामागचं शास्त्र सोपं आहे, पण विक्रेता ते सांगत नाही. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावर खलनायकाचा काळा कोट दिसतो, तेव्हा तेवढ्या भागावर प्रोजेक्टरने प्रकाश टाकलेला नसतो, इतकंच. त्यामुळे कोटाचा काळेपणा हा खोलीच्या काळोखावर ठरतो, यंत्राच्या किमतीवर नंतर. हिशेब करून पाहू. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०० इंच भरणारं चित्र म्हणजे २.२१ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच, पावणेतीन चौरस मीटरचा तुकडा. त्यावर २००० ल्युमेन पसरले की सव्वासातशे लक्स उजेड पडतो. ट्यूबलाइट चालू असेल तर तिचाही शंभरेक लक्स उजेड त्याच भिंतीवर पडलेला असतो. म्हणजे चित्रातला पांढरा झाला सव्वाआठशे आणि काळा शंभर. प्रमाण आठास एक. खोक्यावर मात्र लाखास एक असं छापलेलं असतं, आणि छापणारा ते आपल्या हॉलमध्ये येऊन मोजणार नसतो. खलनायकाचा कोट राखाडी, नायकाचे केस राखाडी, भुताच्या सिनेमातली अमावास्याही राखाडी. असं ते पाऊण लाखाचं सुख असतं.

यावर पहिला आक्षेप येतो की मग जास्त ल्युमेनचा घ्यावा. घ्या. ४००० ल्युमेनचा घेतलात तर आठास एकाचं प्रमाण पंधरास एक होईल आणि बिल बरंच वाढेल. उलट ट्यूबलाइटचं बटण बंद करायला काही खर्च नाही. चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्यासाठी शुभ्रतेचं प्रमाण चौरस मीटरला ४८ कँडेला असं ठरलेलं आहे. आपल्या १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी चमक आणायला सव्वाचारशे ल्युमेनसुद्धा लागत नाहीत. खोली खरोखर अंधारी असेल, तर २००० मधले उरलेले सगळे ल्युमेन ही चैन आहे. खोली उजेडी असेल, तर ते ट्यूबलाइटशी भांडायला ठेवलेले पगारी मारेकरी आहेत. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. १८९०च्या दशकात पटवर्धन मंडळींनी शांबरीक खरोलिका दाखवली, ती काचेवरच्या रंगवलेल्या चित्रांमागे दिवा ठेवून. तिला ल्युमेनची श्रीमंती नव्हती. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा पहिला खेळही दिवस मावळल्यावरच लागायचा, कारण तंबूच्या कापडातून दुपार आत यायची. त्या तंबूवाल्याने जे सूर्यावर सोपवलं, ते आपल्याला सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर स्वतः करायचं आहे.

तेव्हा घरातल्या उजेडाची रीतसर शिरगणती करावी. बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा हा मुख्य आरोपी, हे उघड आहे. त्यानंतर दाराच्या वरची काचपट्टी, जिच्यातून जिन्यातला दिवा रात्रभर आत डोकावतो. मग स्वयंपाकघर: हॉल आणि ओटा यांच्यात दार नसण्याची फॅशन ज्या कोणी आणली, त्याने सिनेमाचा विचार केलेला नाही. फ्रीजचं दार उघडलं की मध्यरात्रीच्या दृश्यात पहाट होते. राउटरची लुकलुक, सेट-टॉप बॉक्सचं निळं घड्याळ, इन्व्हर्टरचा लाल ठिपका यांनी चित्राचं नुकसान फारसं होत नाही, डोळ्यांना मात्र ते सारखे बोलावत राहतात. त्यांवर काळी चिकटपट्टी लावली की भागतं. देवघराबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत, तो मुद्दा सविस्तर घेतला पाहिजे. तुपाच्या निरांजनाची ज्योत सुमारे एका कँडेलाची धरली, तर दोन मीटरवर तिचा उजेड पाव लक्स होतो. सव्वासातशेला पावाने भागा: तीन हजारांच्या घरात प्रमाण येतं, आणि या किमतीच्या बहुतेक प्रोजेक्टरांचा स्वतःचा काळेपणाही त्याहून चांगला नसतो. म्हणजे निरांजन निर्दोष आहे. दोषी आहे तो देवामागचा विजेचा लाल बल्ब आणि त्याच्याभोवती फिरणारी रंगीत चक्रं. अतएव ज्येष्ठांशी बोलताना ‘देवाचा दिवा बंद करा’ असं चुकूनही म्हणू नये; ‘बल्बपेक्षा तुपाचा दिवा बरा’ असं म्हणावं. ते शास्त्राला धरून आहे, आणि दोन्ही शास्त्रांना धरून आहे.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक. दिवेलागणीला घरात काळोख करणं कुठल्याच घरात खपत नाही. लक्ष्मी यायच्या वेळी हॉलचे दिवे मालवून बसलेल्या माणसाला फक्त सिनेमाच पाहायचा आहे, हे सिद्ध करणं अवघड जातं. सुदैवाने इथे निसर्ग आणि परंपरा एकाच बाजूला आहेत. मुंबईत जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. दिवेलागण होऊन, शुभंकरोती म्हणून, परवचा आटोपला की साडेसातला काळोखावर हक्क सांगता येतो. आयपीएलचे संध्याकाळचे सामने त्याच ठोक्याला सुरू होतात, हा योगायोग खरेदीच्या बाजूने मांडायला उत्तम. सकाळी साडेनऊची कसोटी मात्र प्रोजेक्टरवर पाहण्याचा हट्ट धरू नये. पांढरे कपडे, पांढरं साइटस्क्रीन आणि बाल्कनीतलं ऊन यांत चेंडू लाल आहे हे केवळ समालोचकाच्या शब्दावर मानावं लागतं. वीज गेल्यावर घरात जो अप्रतिम, दाट, फुकटचा काळोख होतो, तो पाहून हळहळू नये; त्याचा उपयोग नाही.

उजेड बाहेरून अडवला तरी एक घरभेदी उरतोच, तो म्हणजे भिंतींचा पांढरा रंग. चित्राचाच प्रकाश छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आदळून परत पडद्यावर येतो आणि काळा भाग धुऊन टाकतो. चित्रपटगृहांच्या भिंती गडद असतात, त्याचं कारण हे आहे. कंत्राटदाराला मरून आवडतो म्हणून नव्हे. शास्त्राप्रमाणे पडद्याजवळचं छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती निदान मीटर-दीड मीटरपर्यंत काळ्या, बिनचकाकीच्या असाव्यात. हा प्रस्ताव मांडायला वर्षात एकच मुहूर्त आहे. संक्रांतीला आपल्याकडे काळ्या रंगाला मान असतो, साडीसुद्धा आवर्जून काळी घेतात. तिळगूळ हातात असताना भिंतीचं बोलून पाहावं. बहुधा नकार येईल. मग तडजोड म्हणून गडद मरून किंवा मेंदी रंगाचे जाड पडदे दोन्ही बाजूंना सरकवता येतील असे लावावेत, म्हणजे पाहुणे आले की घर पुन्हा घरासारखं दिसतं. समोरच्या भिंतीवर सव्वादोन मीटर मोकळी जागाही हवी. तिथे आज घड्याळ, कालनिर्णय आणि हार घातलेले आजोबा असतात. आजोबांना हलवण्याआधी त्यांच्या मुलाची लेखी संमती घ्यावी.

काळोखाची बोलणी यशस्वी झाली की यंत्र टांगायचं कुठे हा प्रश्न येतो, आणि इथे आपल्या घरांनी एक विलक्षण सापळा रचून ठेवला आहे. दहा बाय पंधरा फुटांचा हॉल घ्या. पडदा दहा फुटी भिंतीवर. घरगुती प्रोजेक्टरांपैकी पुष्कळांची भिंगं अशी असतात की चित्राच्या रुंदीच्या सुमारे १.२ पट अंतरावरून ते चित्र पडतं, २.२१ मीटर रुंदीसाठी २.६५ मीटर. आता स्लॅबमधला पंख्याचा हूक पाहा. तो हॉलच्या बरोबर मध्यावर, पडद्यापासून २.२८ मीटरवर असतो आणि नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती त्याच्यापासून ६० सेंटिमीटरपर्यंत फिरतात. म्हणजे गणिताने प्रोजेक्टरची जी जागा ठरली, ती पंख्याच्या पात्यांच्या पल्ल्यात येते. छताला टांगला तर पंखा काढा. पंख्यामागे भिंतीला उंच लावला तर पाती झोतातून फिरतात आणि नायिका दर क्षणाला चिरली जाते. उपाय आहे, पण खरेदीच्या आधीच करायचा: भिंगाला भरपूर झूम आणि झोत वर-खाली सरकवण्याची सोय असलेलं यंत्र घ्यावं आणि ते मागच्या भिंतीवर पात्यांच्या खाली, डोक्यांच्या वर, सात फुटांच्या फळीवर ठेवावं. यंत्र तिरकं ठेवून कीस्टोनचं बटण दाबण्याचा सोपा मार्ग दुकानदार सांगेल. त्याने चित्र चौकोनी दिसतं खरं. पण ते चित्राचे ठिपके वाया घालवून चौकोनी केलेलं असतं.

खोक्यावरच्या अक्षरांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ल्युमेनच्या आकड्यासोबत ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ नसेल तर तो आकडा पत्रिकेतल्या गुणांसारखा समजावा: जुळवलेला. खरी पद्धत पडद्याच्या नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढण्याची आहे. ‘९००० ल्युमेन’वाल्या पाच हजारी डब्याने ती परीक्षा दिलेली नसते. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे यंत्र फोर-के स्वीकारतं, दाखवतं असं नव्हे. ‘नेटिव्ह’ किती, एवढंच विचारावं. लेझरचं आयुष्य २०,००० तास लिहिलेलं असेल तर भारावून जाऊ नये. रोज दोन तास धरले तर ती २७ वर्षं होतात. तोवर इमारत पुनर्विकासाला गेलेली असते.

सगळ्यात वजनदार आक्षेप दोन. पहिला असा की आता भिंतीला चिकटून ठेवायचे लेझर प्रोजेक्टर आणि वरचा उजेड परतवणारे खास पडदे मिळतात, मग काळोखाचा एवढा सोस कशाला? युक्तिवाद बरा आहे. ते पडदे छताकडून येणारा उजेड खरोखर गिळतात. पण बाल्कनी छताला नसते, ती बहुधा समोर असते, आणि समोरून आलेल्या उजेडापुढे त्यांचं फारसं चालत नाही. शिवाय हा प्रोजेक्टर भिंतीवर अगदी तिरपा झोत टाकतो. पडदा जरा सैल असेल, किंवा पैसे वाचवायला थेट भिंतीवर चित्र पाडलं असेल, तर प्रत्येक फुगवट्याची सावली उमटते आणि गवंड्याने पंधरा वर्षांपूर्वी ओळंबा धरला होता की नाही, हे पाहुण्यांसमोर उघड होतं. दुसरा आक्षेप सरळ मोठा टीव्ही घेण्याचा. प्रामाणिकपणे सांगायचं तर, जे घर ट्यूबलाइट बंद करू शकत नाही त्याने टीव्हीच घ्यावा. टीव्हीचा काळा रंग त्याचा स्वतःचा असतो, घराकडून उसना आणावा लागत नाही. मात्र १०० इंची टीव्ही आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावेल का, हे आधी फूटपट्टीने पाहावं. प्रोजेक्टर पिशवीतून येतो, आणि शंभर इंच भिंतीवर उमटेपर्यंत शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो आवाजाने. त्यासाठी रात्री दहाचं भान ठेवावं, आणि स्पीकर ब्लूटूथने न जोडता तारेने जोडावा, नाहीतर ओठ हलल्यावर संवाद येतो.

खरेदीचा क्रम त्यामुळे उलटा लावावा. आधी शिंप्याकडून दुहेरी अस्तराचे जाड पडदे शिवून घ्यावेत, दांडीपासून जमिनीपर्यंत, कडांना भिंतीवर वीतभर चढतील असे. ते लावून आठवडाभर रोज साडेसातनंतर दोन तास हॉल अंधारा ठेवून पाहावा. यंत्र नाही, चित्र नाही, नुसता काळोख. त्या काळात ‘अंधारात काय बसलात?’ असं म्हणत कोणी किती वेळा बटण दाबलं, फ्रीज किती वेळा उघडला, मोबाइलच्या पडद्यांनी किती चेहरे उजळले, याची नोंद ठेवावी. शेवटच्या दोन रात्री कोणी दिवा लावला नाही, तर सोमवारी प्रोजेक्टर मागवायला हरकत नाही. लावला, तर पाऊण लाख वाचले, आणि पडदे काही वाया जात नाहीत. रविवारच्या वामकुक्षीला त्यांच्यासारखं दुसरं साधन नाही.