टक्केवारी

त्याचं झेरॉक्सचं दुकान उघडं असेल तर सिरोंचात सातबारा मिळतो. दुकानात तो एकटा असेल तर लवकर मिळतो. आणि त्याच्या लॅपटॉपवर काही उतरत असेल, तर मिळत नाही. "नेट तिकडे लागून राहिलं ना जी, सर. बासष्ट टक्के झालं." बासष्ट टक्के काय झालं, हे विचारायची चूक मी एकदाच केली. शाळा सुटून घरी पोचायला त्या दिवशी मला सव्वासात वाजले.

तुम्ही त्याला ओळखताच. तुमच्याकडे तो मोबाइल दुरुस्त करत असेल, नाहीतर तहसिलीत कंत्राटी ऑपरेटर असेल. तिशीच्या आसपासचा. लग्नाचा विषय निघाला की मान खाली, आणि 'टोटल वॉर : वॉरहॅमर'चा निघाला की मान, हात, भुवया, सगळं वर. या खेळात एल्फ असतात, ऑर्क असतात, उंदीरमाणसं असतात, कबरीतून उठलेले राजे असतात. आपण एक फौज धरायची, कर गोळा करायचा आणि शेजाऱ्याला बुडवायचं. २०१६, २०१७ आणि २०२२ असे तीन भाग निघाले, शिवाय मधूनमधून एखादी नवी फौज निघते. तिचे पैसे वेगळे. बुद्धिबळातला उंट असा सुटा विकत घ्यावा लागला असता, तर आपले कितीतरी ग्रँडमास्टर उंटाविनाच राहिले असते.

खेळाचं मला काही नाही. जाच त्या टक्क्यांचा. टक्केवारी म्हटलं की आपल्याकडे कंत्राटदार आठवतो, पण हा त्यातला नव्हे. याला जगातली प्रत्येक गोष्ट उतरताना दिसते. जेवण झालं का? "सत्तर टक्के." म्हणजे भात राहिला. आलापल्लीची एस.टी. आली का? "बामणी सोडली असंल, ऐंशी टक्के धरा." एकदा चंद्रपूरला मुलगी पाहून आला. मी विचारलं, कसं काय? म्हणाला, "चाळीस."

"अरे, तुला पसंत आहे ना?"

"आहे ना जी. तिचे घरचे सांगतो म्हणाले."

"मग अर्धं काम झालंच की. पन्नास तरी म्हण."

"दहा रस्त्याचे कापले, सर."

१३ एप्रिल २०२३ ला नवी फौज आली, केऑस ड्वॉर्फ्स. म्हणजे सैतानाला विकले गेलेले बुटके. आधी अख्खा खेळ पुन्हा उतरवायचा होता, शंभर जीबीच्या वर, सिरोंचाच्या नेटवर आणि सिरोंचाच्या एप्रिलमध्ये. आईच्या खाटेकडे तोंड करून बसलेला कूलर लॅपटॉपकडे वळला. अख्खी गल्ली टक्के विचारू लागली. प्राणहितेला पूर आल्यावर पाणी किती चढलं विचारतात, तशीच आता 'किती उतरलं' म्हणून पोरं धावत यायची. एक्याण्णववर गाडी दोन दिवस अडली, तेव्हा माझ्याही घशाखाली घास नीट उतरेना. हा मी माझा अधःपात समजतो.

शेवटी उतरली. या फौजेकडे चक्क लढाऊ आगगाडीचं इंजिन आहे, वाफेवर चालणारं, तोफा लावलेलं. आमच्या गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे स्टेशन एकच, वडसा, आणि तेही पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे सिरोंचात आलेलं पहिलं इंजिन हे झेरॉक्सच्या दुकानात आलं, अशी इतिहासात नोंद व्हायला हरकत नाही. सातबाऱ्यासाठी ताटकळलेले एक म्हातारे शेतकरी बाकावरून उठून ते पाहायला आले. आमच्याकडे आजोबांना तेलुगूत ताता म्हणतात.

"हे कोण होत?"

"बुटके, ताता. डोंगर खोदून लोखंड काढतात."

"अन् खोदते कोण? हेच?"

"नाही ना जी. मजूर. धरून आणलेले. ते कमी कमी होत जातात, मंग नवे धरून आणा लागते."

"अन् लोखंड कोठी जाते?"

"कारखान्यात. तिकडे लांब."

ताता थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उत्तरेला, एटापल्लीकडच्या लोखंडाच्या खाणीच्या बाजूला हात केला. "मंग यात नवीन काय आहे रे?"

त्याला पहिल्यांदाच टक्के सुचले नाहीत.

पण हार मानणाऱ्यातला तो नव्हे. दुसऱ्या दिवशी मलाच पकडलं. "सर, आपलं सिरोंचा पण अपडेट होऊन राहिलं बघा." १८६० साली इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला, मुख्यालय सिरोंचा. ती मूळ आवृत्ती. १८७४ ला जिल्हा मोडून तालुका चांद्याला जोडला, तो पहिला विस्तार. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली, दुसरा. "अन् आपली सगळ्यात भारी फौज तर कोलकात्यालेच नेली." म्हणजे बारापासॉरस. आपल्याच तालुक्यातल्या खडकांत या डायनोसॉरची हाडं सापडली आणि सांगाडा उभा राहिला कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत. हे त्याला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मास्तर मी आहे.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मला त्याच्या आईकडून कळली, तो कधी बोललेला नाही. २०२३ ला त्याला अख्खा खेळ पुन्हा का उतरवावा लागला? कारण २०२२ च्या फेब्रुवारीत महिनाभर खपून उतरवलेला तिसरा भाग त्यानं त्याच जुलैत पुसून टाकला होता. तो पुराचा जुलै. गोदावरी आणि प्राणहिता दोघी एकदम चढल्या, बांध कुठला आणि नदी कुठली कळेना. पाणी ओसरल्यावर माणसं चिखलाच्या पायांनी मोबाइल घेऊन दुकानात आली. कापूस गेला, धान गेलं, हा बघा फोटो, हा बघा व्हिडिओ, ठेवून दे बाबा कुठंतरी, आमचा मोबाइल भिजला आहे. लॅपटॉपवर जागा नव्हती. तेव्हा त्यानं एल्फ, ऑर्क, उंदीरमाणसं सगळी एका झटक्यात मारली, आणि रात्री दोन-दोनपर्यंत लोकांचे अर्ज भरले. झेरॉक्सचे पैसे मात्र घेतले. तेवढा तो व्यवहारी आहे.

त्या पुराच्या पंचनाम्यांच्या वेळीच त्याला टक्क्यांची सवय लागली, असं आई म्हणते. पिकाचं नुकसान तेहतीस टक्के किंवा त्यावर असलं, तरच मदत. बत्तीसला नाही.

२०२४ च्या एप्रिलअखेर आणखी एक विस्तार आला आणि लॅपटॉपनं पुन्हा जागा नाही म्हणून सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. पडद्यावर 'पूर २०२२' नावाचं ते जाडजूड फोल्डर दिसत होतं. म्हटलं, अरे, दोन वर्षं होत आली, ज्यांचे पैसे यायचे त्यांचे आले. पुसून टाक आता.

त्यानं बाण त्या फोल्डरवर नेला आणि परत आणला.

"एकतीसवाले राहिले ना जी, सर," म्हणाला, आणि बाकावरच्या माणसाला विचारलं, "सातबारा कोणत्या गावचा?"