नावात गूळ आहे

गुडूचीची गुळवेल करून तिच्या नावात गूळ ज्याने कालवला, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. सासूबाईंनी पहिल्या काढ्याचे तीन पेले ओट्यावर ओळीने मांडले, तेव्हा आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी केवळ नावावर विसंबून मोठा घोट घेतला. त्यानंतर संक्रांतीला तो गूळपोळीही आधी हुंगून बघायचा.

"आई, तीनच पेले? तुमचा कुठाय?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या.

ही वेल घरात आली 2020 च्या पावसाळ्यात. त्या वर्षी लोक एकमेकांकडे जात नव्हते, पण गुळवेलीच्या काड्या मात्र सोसायट्यांच्या फाटकांवरून हातोहात फिरत होत्या. सासूबाईंच्या भाचीने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वीतभर काडी पाठवली. माझ्या हाताखाली तुळससुद्धा वर्ष काढत नाही, त्यामुळे मी निर्धास्तपणे ती काडी एका फुटक्या बादलीत खोचली. दिवाळीपर्यंत खिडकीचं ग्रिल बदामाच्या आकाराच्या पानांनी झाकलं गेलं आणि आम्ही भर दुपारी दिवा लावून जेवू लागलो.

तरीही सासूबाई खट्टू होत्या. त्यांच्या मते खरी औषधी गुळवेल कडुनिंबावर चढलेली. ज्या झाडाचा आधार घेते त्याचे गुण तिच्यात उतरतात.

"मग आपली ग्रिलवरची आहे ना," आमचे हे म्हणाले, "लोह वाढेल."

काढ्याची कृती सोपी आहे, सोपी नसती तर बरं झालं असतं. बोटाएवढ्या जाड खोडाचे तुकडे घ्यायचे, वरची कागदासारखी साल खरवडायची, ठेचून रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी पाव राहीपर्यंत उकळायचे. आटतं ते फक्त पाणी, कडूपणा जागचा हलत नाही. कारल्याचा कडूपणा चिंचगुळाशी निदान तडजोड करतो. हा घशाच्या तळाशी जाऊन बसतो आणि चहा प्यायलात तरी तिथूनच चहाकडे बघत राहतो.

चिरंजीवांना वळवायला सासूबाईंनी भावप्रकाशातली गोष्ट सांगितली. रावणवधानंतर इंद्राने अमृत शिंपडून रामाची मेलेली वानरसेना उठवली. वानरांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर ओघळले, तिथे गुळवेल उगवली. म्हणून ती अमृता.

"म्हणजे माकडांच्या अंगावरचं?" चिरंजीव म्हणाले, आणि त्यांचा पेला कायमचा बाद झाला.

ह्यांची सुटका 2021 साली झाली. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण आढळल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं, की ती गुळवेलच कशावरून, तिच्यासारखी दिसणारी भलतीच वेल कशावरून नसेल? ह्यांनी पहिली बातमी कापून फ्रिजवर चिकटवली. सासूबाईंनी दुसरी तिच्या वर चिकटवली. राहता राहिले मी. माझा पेला रोज कढीलिंबाच्या कुंडीत जायचा. कढीलिंबाने कधी तक्रार केली नाही, पण त्या वर्षी आमटीला काहीतरी वेगळीच चव होती, असं हे अजून म्हणतात.

वेलीला या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. तिने वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना आधी ती केबलची वायर वाटली. मग त्यांनी तिच्यावर रुमाल वाळत घातले आणि एका सकाळी ते रुमाल दोन वीत खाली गेलेले पाहून थेट सेक्रेटरींकडे धाव घेतली. नोटीस आली: सार्वजनिक भिंतीवरील अनधिकृत वाढ आठ दिवसांत हटवावी.

मी वेल मुळापासून कापली. तुकडे पोत्यात भरून वॉचमनदादांकडे दिले, त्यांनी ते मागच्या कंपाउंडला लागून ओतले. आम्हा तिघांनी त्या रात्री आइस्क्रीम खाल्लं. सासूबाई मात्र शांत होत्या. इतक्या शांत, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. गुळवेलीचं आणखी एक संस्कृत नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली की पुन्हा उगवणारी. हे त्यांनी मला सांगितलं, पण पुढचा पाऊस पडून गेल्यावर.

तोवर पोत्यातल्या निम्म्या तुकड्यांनी मुळं धरली होती. कंपाउंडवरून ती सरळ मागच्या झाडावर चढली. सेक्रेटरींच्या गुडघ्यांना कुणीतरी गुळवेल सुचवली होती, त्यामुळे तिथे आता पाटी लागली आहे: औषधी वनस्पती, तोडू नये.

काल सकाळी सासूबाई गॅलरीत उभ्या राहून बराच वेळ त्या झाडाकडे बघत होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, "कडुनिंब आहे गं तो!"

आज ओट्यावर पेले मांडलेले दिसले. धुतलेले, ओळीने. मोजले, तर तीनच.