स्थळ पाहिजे

टेमघर म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुळशीतलं धरण आठवतं. हे ते नव्हे. हे भिवंडीचं टेमघर, कल्याण रस्त्यावरचं. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथे येतं, गाळून-निवळून शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. आलेली वस्तू साफसूफ करून ज्याच्या त्याच्या घरी पोचती करायची, हा इथल्या पाण्याचा धर्म. आमच्या अंकवाल्या काकांनी तो मासिकांना लावलाय, एवढंच.

काका जन्मभर लूमवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. बिघडलेला लूम नुसत्या खडखडाटावरून ओळखायचे. बाकी त्यांना छंद म्हणाल तर एकही नाही. त्यांना छंद होता तो छंदांच्या मासिकांचा. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं का चालतो हे त्यांना आजही पटलेलं नाही, पण बुद्धिबळाचे अंक आहेत. घरात तुळस सोडून झाड नाही, पण बोन्सायवरचे अंक आहेत. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचे आहेत, रेडिओ जुळवणाऱ्यांचे आहेत, कबुतरं पाळणाऱ्यांचाही एक आहे. पगार झाला की रद्दीवाल्याकडे जायचं, तराजूत पडण्याआधी अंक उचलायचे आणि बापाला हरवलेली मुलगी सापडावी तशा आनंदाने घरी आणायचे. बरं, वाचायचे म्हणाल तर तेही फारसं नाही. "वाचणारा कधीतरी येईल," म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की वाचणारा आपण होऊन येत नाही. त्याला शोधायला जावं लागतं. तेव्हापासून ते मासिकांची स्थळं बघतात.

आता तुम्ही म्हणाल, वाचनालयात देऊन मोकळं व्हावं. काकांनी तो प्रयत्न केला. वाचनालयांना वर्षाचा पूर्ण संच लागतो, सुटे अंक ठेवायला त्यांच्याकडे जागा नसते. काकांना हे पटलं, हीच पंचाईत झाली. पुण्याहून १९२८ पासून निघणाऱ्या 'सृष्टिज्ञान'चं त्यांच्याकडे एक वर्ष होतं, त्यात ऑगस्ट नव्हता. त्या ऑगस्टसाठी काका मुंबईत फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकवाल्यांकडे गेले. ऑगस्ट मिळाला नाही. पण दुसऱ्या वर्षाचे मार्च, एप्रिल आणि जून मिळाले. आता दोन वर्षं अपुरी आहेत.

काकू म्हणतात, "आमच्या मुलीचं लग्न दोन बैठकांत ठरलं. या सृष्टिज्ञानाचं घोडं किती वर्षं अडलंय, विचारा त्यांना."

सुटे अंक मात्र काका थेट माणूस बघून देतात, आणि देण्याआधी चौकशी करतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा डिप्लोमाला आहे. त्याला 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे जुने अंक हवे होते. मासिक १९६९ पासूनचं, सर्किटांनी भरलेलं. काकांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ट्रिपल फाइव्ह म्हणजे काय रे?" मुलगा म्हणाला, "टायमर आयसी. लॅमिंग्टन रोडला अजून मिळतो." काकांचा चेहरा उजळला. ५५५ बाजारात आला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे त्या काळातलं सर्किट आजही जुळवता येतं. जुना अंक जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा काकांना नको होता. तरी मुलगा गेल्यावर मला हळूच म्हणाले, "स्थळ चांगलं आहे. फक्त सोल्डरिंग गन मित्राची आहे म्हणतो."

सलूनवाल्याची मुलाखत अवघड गेली. क्रिकेटचे अंक सलूनमध्ये जावेत हे उघड आहे. संदीप पाटील संपादक असलेला 'एकच षट्कार' आणि मधल्या पानावर पोस्टर देणारा 'स्पोर्टस्टार' यांना दुसरीकडे एवढा निवांत वाचक कुठे मिळणार? पण दाढीचा फेस कागदावर पुसायची सलूनची रीत काकांना माहीत होती. एखादा साधा माणूस म्हणाला असता, "पानं फाडू नका हं." काकांनी सांगितलं, "हे बघ, आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा थर असतो. तो फेस शोषत नाही. वस्तरा पुसलास तर फेस घसरून गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडेल." सलूनवाल्याने करून बघितलं. तसंच झालं. तेव्हापासून अंक सुखरूप आहेत. पोस्टरं मात्र पहिल्याच आठवड्यात भिंतीवर गेली. त्याला काकांची हरकत नाही. ते म्हणतात, पोस्टर हे भिंतीचंच असतं, मासिकात ते तात्पुरतं राहायला येतं.

वडापावच्या गाडीला त्यांनी सरळ नकार दिला. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, शाईत शिसं असू शकतं, हे सगळं त्यांनी गाडीवाल्याला समजावून सांगितलं. गिऱ्हाइकं ऐकत होती. त्या दिवशी धंदा कमी झाला. आता काका दिसले की गाडीवाला वडापाव फुकट देतो, पण प्लेटमध्ये आणि लवकर.

खरे काका बघायचे तर पावसाळ्यात. कामवारी नदी भरली की भिवंडीत पाणी शिरायची धास्ती असते, आणि पाणी नाही शिरलं तरी दमट हवा शिरतेच. गुळगुळीत कागदाचा अंक एकदा भिजून वाळला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला गेलं तर फाटतातच. म्हणून जूनआधी सगळे अंक लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात चढतात आणि काकूंच्या पैठण्या खाली उतरतात. (काकूंनी मला याची नोंद घ्यायला सांगितलं आहे. घेतली.) कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतात. मग काका पिना काढायला बसतात. मासिकाच्या मधल्या पिना गंजतात आणि गंज कागद खातो. काका बोथट सुरीने त्या उचकटतात, भोकं तीच ठेवतात आणि त्यांतून लूमवरच्या सुताने शिवण घालतात. तुटलेला ताण्याचा धागा मागावर सांधणारी बोटं ती. गाठ शोधून सापडत नाही. या कामात काका एकदम गप्प असतात आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतात तेव्हाच. एरवी, खरं सांगायचं तर, ते थोडे डोकं खातात.

कात्री ही त्यांची वैरीण. जून-जुलैत शाळेतल्या प्रकल्पवह्यांचा हंगाम येतो आणि पोरं काकूंकडे येतात. काकू उदार. एकदा एका मुलीला शार्क हवा होता. काकूंनी अंक काढलाही. काकांनी पान उलटून बघितलं तर शार्कच्या पाठीवर मागच्या महिन्याच्या शब्दकोड्याचं उत्तर. ते कोडं कुठल्या अंकात आहे? तो अंक दिला कोणाला? त्याला उत्तर कोण कळवणार? शेवटी काका मुलीला घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले, उत्तराची प्रत काढली, शार्कचीही रंगीत काढली. रद्दीच्या भावाने अख्खा अंक आला असता त्याहून जास्त पैसे गेले. मूळ शार्क मुलीला मिळाला नाहीच. तिने प्रत चिकटवली आणि खाली लिहिलं, 'देवमासा'. काका तिच्या घरी जाऊन ते दुरुस्त करून आले.

कोणी म्हणतं, "काका, आता सगळं फोनवर मिळतं." काका मान्य करतात. बालभारतीने १९७१ पासूनच्या 'किशोर'चे अंक नेटवर खुले केलेत, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि त्यामुळे 'किशोर'ची काळजी मिटली म्हणून त्यांनी पेढेही वाटले. "पण जी मासिकं बंद पडली, ज्यांना विचारणारं कोणी नाही, त्यांचं काय?" असं म्हणून ते कबुतरांच्या अंकाकडे बघतात. त्याला अजून मागणी आलेली नाही.

गोदामांच्या या गावात मोठमोठ्या कंपन्यांचा माल सकाळी येतो आणि संध्याकाळी देशभर जातो. काकांच्या घरात जावक एक आणि आवक पाच. कारण नाव पसरलं. कल्याणहून, पडघ्याहून लोक घर आवरताना वडिलांचे अंक रिक्षात घालून आणतात, "तुम्ही चांगल्या घरी द्याल म्हणून" असं म्हणतात आणि रिक्षा चालू ठेवूनच निघून जातात. मागच्या दिवाळीत तर दिलेला एक अंकही परत आला, सोबत मोटारींच्या मासिकांची दोन पोती घेऊन.

त्या संध्याकाळी काकूंनी दाराबाहेर पाटी लावली : 'येथे रद्दी स्वीकारली जात नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखाली जॉबरच्या ठसठशीत अक्षरात खडूने लिहिलेलं होतं : 'बरोबर. फक्त अंक.'