बंदर कवठे महांकाळ

आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात समुद्र नाही. अग्रणी नदी आहे, पण ती वर्षातले बरेच महिने वाळूच्याच रूपात दर्शन देते. म्हैसाळ योजनेचे पंप सुरू झाले की कृष्णेचं पाणी चढ चढून येतं आणि कालव्यात ते दिसलं की लोक नारळ घेऊन धावतात. अशा मुलखात जहाजावरचा एक इंग्रजी शब्द इतका सुखाने नांदतो आहे, की रत्नागिरीकरांनी हेवा करावा. शब्द आहे अँकर.

हार्डवेअरच्या दुकानात अँकर बोल्ट मिळतो. बटण कुठल्याही कंपनीचं चालणार असलं तरी आमचे आण्णा 'अँकरचं द्या' असंच मागतात. गावच्या वार्ताहराची बातमी पहिल्या पानाच्या तळाशी झळकली की 'आपला अँकर लागला' म्हणत तो सगळ्यांना चहा पाजतो. आणि साखरपुडा असो, सेवापूर्ती असो की द्राक्ष बागायतदारांचा मेळावा, स्टेजवर एक अँकर असतोच. पूर्वी त्याला निवेदक म्हणत आणि शेवटी नारळ-टॉवेल देत. अँकर झाल्यापासून तो ॲडव्हान्स घेतो.

शब्द मूळचा ग्रीक, लॅटिनच्या वाटेने इंग्लंडला पोचलेला. जुन्या इंग्रजीत त्याच्या स्पेलिंगमध्ये 'एच' नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिनमधलं एक चुकीचं रूप शुद्ध समजून 'एच' आत घुसवला. उच्चारात त्याला काडीचं काम नाही, तरी काही शतकं तो ठाण मांडून आहे. सोसायटीच्या संचालक मंडळात एखादा असतो ना, सहीपुरता, तसा.

अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. तो आपल्या वजनाने जहाज धरून ठेवतो असं मला वाटायचं. खरं काम करतो तो तळात रुतणारा फाळ, आणि समुद्राच्या तळावर आडवी पडलेली साखळी. पाणी जेवढं खोल त्याच्या कितीतरी पट साखळी सोडावी लागते, म्हणजे ओढ आडवी बसते. साखळी आखूड पडली की ओढ वर लागते, फाळ उपटून निघतो आणि जहाज नांगर फरफटवत निघतं.

हे आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा आक्षेप वेगळाच होता.

"कोकणातली माणसं गलबत थांबवायला नांगर टाकत्यात?"

"हो आण्णा."

"अवं, नांगर चालवायचा असतोय. थांबवायला कुठं वापरत्यात?"

आता या माणसाला काय सांगणार! मराठीने शेतातलं आणि समुद्रातलं अशी दोन्ही अवजारं एकाच नावाने हाकली, एक रान उकरत पुढे जातं, दुसरं तळ उकरून जागीच राहतं. साहेबाच्या डोक्यात मात्र ही गोष्ट १९३३ साली आली. जेफ्री इंग्रॅम टेलर या केंब्रिजच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने नांगराच्या फाळासारखा जहाजाचा नांगर तयार केला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना वजनाने हलका, पण घट्ट रुतणारा नांगर हवा होता. त्याचं नाव सीक्यूआर. ही अक्षरं भरभर म्हटली की 'सिक्युअर' ऐकू येतं, अशी त्यातली गंमत. आण्णांना हे पटलं. "म्हंजे आपला लोखंडी नांगरच की," म्हणाले, आणि पेटंटच्या पैशाची चौकशी करू लागले.

आमच्या तालुक्यात लंगरपेठ नावाचं गाव आहे आणि त्याच नावाचं रेल्वे स्टेशनही. लंगर म्हणजे फारसीत जहाजाचा नांगर. गावाच्या नावाची व्युत्पत्ती मी सांगत बसत नाही, ती सांगणारे गावात पुष्कळ आहेत. एवढं खरं, की १९२७ साली बार्शी लाइट रेल्वे मिरजेपर्यंत आली आणि त्या छोट्या गाडीचा वेग पाहता तिला लंगर टाकायची वेगळी गरज नव्हती.

इंग्रजीत अँकर जहाजावरून उतरला तो रस्सीखेचीत शिरला. दोर अंगाभोवती घेऊन सगळ्यांच्या मागे पाय रोवतो तो अँकर. शाळेत ते पद वजनावर मिळायचं, त्यामुळे माझी निवड बिनविरोध व्हायची. मग रिले शर्यतीत शेवटी धावणारा गडी अँकर झाला. १९५२ साली अमेरिकेतल्या पक्षांच्या अधिवेशनांचं प्रक्षेपण करताना वॉल्टर क्रॉन्काइट यांना 'अँकरमन' म्हटलं गेलं आणि शब्द टीव्हीवर स्थिरावला. वार्ताहर इकडे तिकडे धावणार, हा एका जागी बसून सगळ्यांना बांधून ठेवणार, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब आमच्याकडे बिघडला. भाच्याच्या लग्नात अँकरने अक्षतांच्या आधी मंडपाला प्रदक्षिणा घातली, वरातीच्या घोड्याची मुलाखत घेतली आणि जेवणाच्या पंगतीत शिरून "नवरदेवाच्या मामांनी तिसऱ्यांदा जिलेबी मागितली आहे, जोरदार टाळ्या!" असं जाहीर केलं. मामा म्हणजे मी. जिलेबी दुसरीच होती.

दोष त्या पोराचा नाही. पूर्वी माइकला वायर असायची. ती जेवढी, तेवढाच निवेदक फिरायचा, आणि फार ओढलं तर मंडपवाला मागून ओरडायचा. कॉर्डलेस माइक आला आणि साखळीच तुटली. तेव्हा येत्या लग्नसराईत तालुक्यातल्या समस्त वधुपित्यांना विनंती : अँकर हवा तो ठरवा, मंडपवाल्याला मात्र वायरचा माइक लावायला सांगा. आणि वायर पंगतीपर्यंत पोचत नाही ना, हे आदल्या रात्रीच मोजून घ्या.