शून्य सावलीचा दिवस

इंग्रज मूर्ख नव्हते. मध्य प्रांताची राजधानी त्यांनी नागपुरात ठेवली खरी, पण उन्हाळा तापला की साहेब, मडम, फायली, चपराशी असं सगळं बिऱ्हाड पचमढीला हलायचं. पुढं स्वराज्य आलं, १९५३ साली नागपूर करार झाला, सरकारनं वर्षाकाठी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात घ्यावं असं ठरलं. तेव्हा त्यांनीही नेमका हिवाळा निवडला. मंत्री येतात ते डिसेंबरात, संत्र्यांच्या हंगामात, मफलर गुंडाळून. मे महिन्यातलं नागपूर सांभाळायला उरतो तो नागपूरकर, आणि त्याच्याकडे सुटीत आलेले पाहुणे.

आमच्याकडे पुण्याहून बहीण, जिजाजी आणि भाचा आले होते. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, असं प्रशासन दर उन्हाळ्यात बजावतं. काही सिग्नल भर दुपारी बंद ठेवतात, काही चौकांत डोक्यावर हिरवी जाळी बांधतात, महाराजबागेत वाघासमोर कूलर लावतात. वाघानंही उगाच फिरू नये अशी इथली सगळी व्यवस्था आहे. तरी तर्री पोहे खाता खाता भाच्यानं वॉटर पार्कचं नाव काढलं, माझ्या लेकीनं ते उचलून धरलं, आणि आपल्याकडे पाहुण्यांच्या मुलाला नाही म्हणायची पद्धत नाही.

नानामामांना कोणी बोलावलं नव्हतं. नानामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पण "पोट्टे एकटे कसे जातीन?" असा प्रश्न त्यांनी फोनवर विचारला आणि सकाळी डोक्याला दुपट्टा बांधून ते आमच्या फाटकात हजर झाले. पोट्ट्यांबरोबर आम्ही पाच मोठी माणसं होतो, ही गोष्ट त्यांच्या मते मोजण्यात येत नव्हती.

नागपूरचं ऊन नानामामांच्या नावावर आहे. सातबारा काढला तर त्यात तसं सापडेल. गाडीत जिजाजी सहज म्हणाले, "यंदा आमच्याकडेही एक्केचाळीसला गेलं होतं हो." नानामामांनी मागं वळून त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "सकाळचं का?"

त्यानंतर पार्क येईपर्यंत उन्हाचा इतिहास झाला. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला, त्या दिवशी नानामामा सायकलनं विजेचं बिल भरायला गेले होते. बिलाची मुदत आणखी आठवडाभर होती, असं मामी सांगतात, पण मामी गाडीत नव्हत्या. मग ३० मे २०२४ आलं. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. जगातला विक्रम कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा, ५६.७. म्हणजे पाऊण अंश कमी पडला. दुसऱ्या दिवसापासून हवामान खात्यानं खुलासे केले की सेन्सर बिघडला होता, आजूबाजूच्या केंद्रांवर नेहमीसारखंच चव्वेचाळीसच्या आसपास होतं. अख्ख्या जगानं सुटकेचा श्वास सोडला. नानामामांनी अजून सोडलेला नाही. "सेन्सर बिघडला नव्हता जी," ते जिजाजींना म्हणाले, "त्याले ऊन लागलं होतं."

पार्कच्या फाटकावर पिशव्यांची झडती होती. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई. आईच्या पिशवीतून सांबारवडीचा डबा, कैरीचं पन्हं आणि सहा कांदे निघाले. (पुण्याच्या वाचकांसाठी: इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात; जिजाजी लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्या वडीत इडलीबरोबरचं सांबार शोधत होते.) गार्डनं कांद्यांवर बोट ठेवलं.

"मावशी, खायच्या वस्तू नाही चालत."

"हे खायचे नाहीत बाप्पा. खिशात ठेवायचे आहेत. ऊन लागू नये म्हणून."

गार्ड अडचणीत आला. कांदा खाद्यपदार्थ की औषध, याबद्दल फाटकावरच्या पाटीत काही लिहिलेलं नव्हतं. मागं रांग वाढत होती. आईनं त्याच्या शर्टाच्या खिशाकडे नुसतं पाहिलं. खिसा फुगलेला होता, आणि त्यातून वाळलेलं पिवळट साल बाहेर डोकावत होतं. कांदे आत गेले. सांबारवडी मात्र नियमात सापडली, म्हणून आम्ही ती फाटकाबाहेर उभ्या उभ्या संपवली. गार्डनंही दोन घेतल्या.

पुढची पायरी कपड्यांची. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, त्यांचे धागे गाळणीत अडकतात; नायलॉनच हवं, आणि आपल्याकडे नसेल तर भाड्यानं मिळतं, वर अनामत. नानामामांच्या मापाचा एकच पोशाख शिल्लक होता. जांभळा, गुडघ्यापर्यंत, छातीवर उड्या मारणारे डॉल्फिन. तो त्यांनी मुकाट्यानं चढवला, पण दुपट्टा सोडायला ठाम नकार दिला. पाण्यात असो की जमिनीवर, नागपुरातलं डोकं उघडं राहणार नाही. दिवसभर जीवरक्षकाची शिट्टी त्यांच्यासाठी वाजत राहिली आणि दिवसभर ते "कोनाले वाजवून राह्यला हा?" असं म्हणत मागं बघत राहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. लोक वॉटर पार्कला पाण्यासाठी जातात, हा समज आहे. पाणी तिथं मुबलक असतं आणि ते तिकिटात येतं. ज्यासाठी खरी झुंज असते ती सावली. पाण्याला तिकीट आहे म्हणून रांग लागते. सावलीला तिकीट नाही म्हणून तिथं वहिवाट चालते. सकाळी फाटक उघडताच धावत गेलेल्यांनी सतरंजी टाकली की ती त्यांची. तिच्यावर एक चप्पल आणि एक बाटली ठेवून ते सहा तास पाण्यात जाऊ शकतात, चप्पल त्यांच्या वतीनं ताबा सांभाळते.

आत एक मोठा कडुनिंब होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची सावली पश्चिमेला पसरलेली होती आणि तिच्यात तळहाताएवढी जागा उरलेली नव्हती. चटया, टिफिन, पाळण्यातली बाळं, एक पत्त्यांचा डावसुद्धा. बायको, बहीण आणि मी हताश होऊन उभे राहिलो. आई मात्र झाडाला वळसा घालून पूर्वेला गेली, आणि भर उन्हात, जिथं माती फुफाट्यासारखी तापली होती, तिथं तिनं आमची सतरंजी अंथरली. वर काळी छत्री उघडून बसली. पश्चिमेकडची मंडळी हसली. जिजाजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आईंना बरं वाटतंय ना?"

माझ्या आईनं चाळीस वर्षं गच्चीवर वाळवणं घातली आहेत. कुरडया, शेवया, सांडगे, मुगाच्या वड्या. कोणत्या महिन्यात किती वाजता कठड्याची सावली कुठं येईल हे तिला घड्याळ न बघता कळतं, कारण सावली आली की कुरडई मऊ पडते. तिनं आयुष्यभर सावलीला टाळून वाळवणं वाळवली. त्या दिवशी तेच गणित फक्त उलटं मांडलं.

त्यात तारीख मे अखेरची. २६ मेच्या सुमारास नागपुरात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. बारा वाजून दहाएक मिनिटं झाली की उभ्या माणसाची सावली त्याच्या तळपायाखाली नाहीशी होते. खगोलप्रेमी मंडळी उघड्या मैदानात काठी रोवून हा शून्य सावलीचा दिवस साजरा करतात. कडुनिंबाखाली तो साजरा झाला नाही, नुसता झाला. तिकीटघराची सावली गेली, खांबांची गेली, रांगेत उभ्या माणसांनी एकमेकांच्या आडोशाला घेतलेली सावलीही गेली. झाडाची तेवढी राहिली, पण आखडून बुंध्याभोवती आली. पश्चिमेच्या चटया एकेक करून उन्हात पडू लागल्या. आधी एकानं टिफिन सरकवला, मग दुसऱ्यानं बाळ. पत्त्यांचा डाव हात हात करत बुंध्याला येऊन चिकटला. आणि सव्वा-दीडच्या सुमारास सावलीची पहिली कड आईच्या सतरंजीवर चढली. आईनं छत्री मिटली.

दोन वाजता पार्कातली सर्वात दाट सावली आमच्या मालकीची होती. लोक अर्ज घेऊन यायला लागले. आईनं निवाडे दिले: तान्ह्या बाळाच्या आईला आत, बुंध्याजवळ, पत्तेवाल्यांना कडेला, पण आवाज बंद, सकाळी मोठ्यानं हसलेल्या गृहस्थांना "बसा न, पण चप्पल बाहेर." जावई म्हणून जिजाजींना लोडाला टेकायची जागा मिळाली. ते म्हणाले, "आई, हे तुम्ही आधीच ओळखलंत?" आई म्हणाली, "ऊन काही पळून जात नाही कुठं."

पाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घसरगुंडीच्या रांगेत अर्धा तास उभं राहायचं, बगलेत गादी धरून लोखंडी जिना चढायचा, आणि चढताना पाय एका पायरीवर टिकू द्यायचा नाही. वरचा पोरगा नळीनं पायऱ्यांवर पाणी मारत असतो, ते पाणी खालच्या माणसापर्यंत येईतो गरम होतं. अनवाणी माणसांची ती उडती रांग लांबून पाहिली तर वर काही तरी आनंदाचं वाटत असावं असा समज होतो. मग दहा सेकंद घसरायचं.

तरी एक युक्ती सांगून ठेवतो, शोध नानामामांचा. लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला की सगळा पार्क रांगा सोडून तिकडे पळतो. तेवढ्या वेळात घसरगुंड्या मोकळ्या असतात. नानामामा भोंग्याची वाट बघत जिन्याच्या तळाशी दबा धरून बसायचे. भोंगा झाला की जांभळे डॉल्फिन जिना चढताना दिसायचे. सर्वात उंच घसरगुंडीवरून ते पाठ ताठ ठेवून, मांडी घालून, दुपट्ट्यासकट खाली आले. चष्मा आधीच आईकडे ठेवलेला, त्यामुळं आपण पोचलो हे त्यांना जरा उशिरा कळलं. मागून आलेल्या दोन पोट्ट्यांनी ते सांगितलं, शब्दांत नाही. "मस्त आहे न बे!" पाण्यातून डोकं काढत ते म्हणाले. वॉटर पार्क म्हणजे घरी टाकी असताना पैसे उडवायचे धंदे, हे त्यांचं सकाळचं मत त्यानंतर ऐकू आलं नाही.

चारच्या सुमारास भाचा कुडकुडत आला. दात वाजत होते, ओठ निळसर. मोबाइलवर ४४ अंश दिसत होते. बहीण घाबरली, "ताप आला वाटतं." नानामामांनी त्याला काखेत उचललं आणि सरळ भर उन्हात नेऊन तापलेल्या फरशीवर पालथा घातला. तिथं आधीच आठ-दहा मुलं ओळीनं पालथी पडली होती.

"याले ऊन लागू द्या पाच मिन्टं."

जिजाजी इंजिनिअर आहेत, त्यांना कारण हवं होतं. कारण सोपं आहे. आमची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की ओल्या अंगावरचं पाणी भराभर उडतं, आणि उडताना अंगातली ऊब घेऊन जातं. याच जोरावर नागपूर जगतं: पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वुडवूलच्या किंवा खसच्या ओल्या जाळ्या, मध्ये पंखा, खाली टाकी, टाकीत पंप. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर लावला तर खोलीत फक्त चिकचिक वाढते. भाचा त्या दिवशी खसची जाळी झाला होता, एवढंच. जिजाजींना ते पटलं. अंग पुसून तेही फरशीवर पडले.

निघताना सावली सगळीकडे होती, लांबच लांब, कोणाच्याही नावाची नाही. कडुनिंबाखाली एक कुत्रं झोपलं होतं. आईनं सतरंजी झटकली, कांदे मोजून पिशवीत भरले. एक कमी होता. तान्ह्या बाळाच्या आईला दिला, म्हणाली.

घरी आल्यावर बैठकीतला कूलर लावला. त्याच्या समोरची जागा नानामामांची, पूर्वापार. पण भाचा त्यांच्या पोटावरून चढून जाळीला तोंड लावून "आऽऽऽ" म्हणाला, आणि पात्यांनी त्याच्या आवाजाचे तुकडे करून परत दिले. पुण्याच्या घरी कूलर नाही, त्यामुळं हा प्रकार त्याला नवा होता. मग लेकीनं "आऽऽऽ" केलं. मग नंबर लागले. मग कोणी किती वेळ घेतला यावरून भांडण. दिवसभरात एकाही घसरगुंडीवर ती दोघं इतकी रमली नव्हती. जिजाजींनीही कोणी बघत नाही असं पाहून एकदा केलं.

रात्री अकराच्या सुमारास पंप घरघरला. टाकी कोरडी पडली होती. नागपूरच्या घरात हा आवाज आला की घरातली सगळी माणसं त्या क्षणी गाढ झोपतात. नानामामा घोरू लागले. लेकीनं उशी तोंडावर घेतली. माझी बायको तर बोलता बोलता वाक्याच्या मध्ये झोपली. जिजाजींना हा रिवाज ठाऊक नव्हता. ते उठून बसले आणि काळजीनं विचारू लागले, "अहो, हे असं का वाजतंय?"

आईनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "मागच्या अंगणात पाइप आहे, जावईबापू."