साहेबांचं सरकार बंद आहे

एडिसन, न्यू जर्सी
14 ऑक्टोबर 2013

प्रिय दादा आणि वहिनी,

आई-बाबांच्या तब्येती ठणठणीत आहेत. बाबांचं फक्त अमेरिकेशी जरा बिनसलंय.

तू फोनवर विचारलंस ना, सरकार बंद म्हणजे काय गं? हेच बाबांना समजावण्यात माझं नवरात्र गेलं. इथलं सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावरून संसदेत जुंपली, खर्चाला मंजुरी मिळाली नाही आणि 8 लाखांच्या आसपास केंद्राचे नोकर घरी बसले. राष्ट्रीय उद्यानं, स्मारकं मिळून सगळी 401 ठिकाणं बंद. टपाल येतंय, विमानं उडतायत, टॅक्स कापला जातोय. म्हणजे आई-बाबांना धामणगावाहून इतक्या लांब जे दाखवायला आणलं, नेमकं तेवढ्यालाच कुलूप.

"अन् खासदारायचे पगार?" बाबांनी विचारलं.

"ते सुरू आहेत."

"मंग सरकार बंद कुठं हाय?"

जावईबापूंनी चहाचा कप उचलला आणि बाल्कनीत निघून गेले.

वॉशिंग्टनचं बुकिंग आधीच झालं होतं, हॉटेलवाला पैसे परत करेना, म्हणून 8 तारखेला गेलोच. लिंकनचा पुतळा लांबून, खांबांच्या आडून जेवढा दिसला तेवढा पाहिला. पुढे लोखंडी कठडे, आणि कठड्याला कागद बांधलेला की सरकार बंद असल्यामुळे सर्व राष्ट्रीय उद्यानं बंद आहेत. बाबांनी तो कागद चष्मा वर करून, मग खाली करून वाचला. शिक्का नाही, खाली कोणाची सही नाही, म्हणून त्यांना तो मान्य नव्हता. सरकारी म्युझियमंही सगळी बंद. प्राणिसंग्रहालयात ऑगस्टमध्ये पांडाचं पिल्लू झालंय, आमची चिनू ते रोज कॅमेऱ्यावर बघायची, तर तो कॅमेराही बंद केलाय. पिल्लू चालू आहे की बंद, असं ती मला विचारते.

आणि त्याच दिवशी, त्याच स्मारकांसमोरच्या 'मॉल' नावाच्या हिरवळीवर हा मोठा मोर्चा! बाहेरून येऊन इथे राहिलेल्या लोकांसाठी नवा कायदा करा म्हणून. भाषणं, झेंडे, ढोल. फिरायला बंदी, पण मोर्चाला परवानगी, कारण मत मांडणं हा घटनेने दिलेला हक्क. बाबा एकदम खुलले. "हे आधी सांगाचं नं! आपण कापसाच्या भावासाठी आलो म्हनू." धरून ठेवलं म्हणून बरं. सोयाबीनवरही बोलले असते.

तुझी आठवण निघाली. गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं तेव्हा मेळघाटचा बेत मोडला म्हणून तू किती चिडला होतास. बाबा म्हणाले, ते वाघासाठी होतं, त्याचा मान हाय. इथं कोनासाठी?

उतारा न्यूयॉर्कला सापडला. स्वातंत्र्यदेवीचं नशीब बघ: सॅंडी वादळामुळे आठ महिने बंद, यंदा 4 जुलैला उघडली, आणि 1 ऑक्टोबरला पुन्हा बंद. शेवटी न्यूयॉर्क राज्याने आपल्या खिशातून रोजचे 61,600 डॉलर द्यायचं कबूल केलं आणि काल, नेमकी दसऱ्याला, ती उघडली. आम्ही सकाळीच बॅटरी पार्कच्या रांगेत. सीमोल्लंघन बोटीने! तपासणीत आईच्या पिशवीतला डबा उघडायला लावला. तिखटामिठाच्या पुऱ्या सुटल्या. ठेच्याच्या बाटलीवर मात्र दोन गार्डांची बैठक बसली. आई त्यांना मराठीत समजावत होती, "घ्या बापा, चाखून पाहा." बाटली पास झाली. चाखायची हिंमत कोणी केली नाही.

बोटीत बाबा हिशेब करत होते. 61,600 डॉलर म्हणजे 38 लाखांच्या घरात. हमीभाव 4000 धरला तर साडेनऊशे क्विंटल कापूस. "रोज! एका बाईले उभं ठेवाले!" मग देवीकडे बघून हात मात्र जोडले. आईने तिच्या दिशेने सोनं म्हणून पिंपळासारखं कुठलंतरी पान धरलं. आपटा इथे कुठून आणणार?

आता इथल्या पानांचे रंग बघायला शेनान्डोआला जायचं होतं, तर तो डोंगरावरचा रस्ताही बंद. साउथ डकोटात रशमोरचा डोंगर रस्त्यावरूनही कोणी थांबून बघू नये म्हणून कडेला प्लास्टिकचे कोन मांडले होते, हे पेपरात वाचल्यापासून बाबा बेचैन आहेत. "आपल्या धामणगावले किती सुपरफास्ट थांबत नाहीत. पन म्हनून गाडीकडं पाहू नका असं रेल्वे म्हनते का?"

पण त्याच बातमीत पुढे होतं की तिथल्या राज्याने देणगीदार गाठलेत आणि रशमोर उघडतंय. तेव्हापासून त्यांचा नूर पालटलाय. वर्गणीच काढायची तर आपल्या गणपती मंडळाच्या पोट्ट्यांइतकं तयार कोणी नाही, असं त्यांचं म्हणणं. वहिनी, पुढच्या महिन्यात शेजारचे काका मुलाकडे इकडे येतायत ना, त्यांच्याबरोबर सांडगे आणि लाल मिरच्या पाठवा. आणि दादा, मंडळाचं एक कोरं पावतीपुस्तक. बाबांनी तीनदा बजावलंय.

तुझी,
बेबी