मागे कोण उभं आहे?

लग्नाचा अल्बम दहा वर्षांनी उघडला की प्रत्येक घरात एकच गोष्ट घडते. नवरा-नवरीची पानं भराभर उलटली जातात आणि सगळे पंगतीच्या फोटोवर येऊन थांबतात. ‘ही बघ आत्या. हे अण्णा. अरे, हा तर आपला जुना ओटा!’

ज्या पानांसाठी पैसे मोजले ती मिनिटभरात संपली. जे चुकून फोटोत आलं, त्यावर अख्खी संध्याकाळ गेली.

मग फोटोग्राफरला काम सांगताना आपण नेमकं उलटं का सांगतो?

पनवेलमध्ये तुळशीचं लग्न लागलं की पार आषाढापर्यंत फोटोग्राफरला जेवायची फुरसत नसते. एक ट्रॅडिशनलवाला, एक कँडिडवाला, एक व्हिडिओवाला. त्याआधी प्री-वेडिंग, उरणच्या किनाऱ्यावर नाहीतर खारघरच्या टेकड्यांवर. एवढी फौज उभी करून घरच्यांची सूचना एका ओळीची: ‘कपलचे फोटो भारी आले पाहिजेत.’

भारी येतातही. बाकीच्यांचं काय?

हळदीची रात्र घ्या. इथल्या आगरी-कोळी घरांत हळद लग्नाच्या तोडीची, पुष्कळदा लग्नाहून मोठी. मांडवात धवलारीण बसलेली असते. धवले गात गात विधी पुढे नेणारी ही बाई. कुठल्या वेळी कुठलं गाणं, हे तिला पाठ. शिकली ऐकून, गाते आठवणीतून. ती गेली की तिच्या गळ्यातलं सगळं गेलं.

त्या वेळी तिन्ही कॅमेरे कुठे असतात? डीजेसमोर.

डीजेच्या जांभळ्या उजेडात हळद पिवळी दिसतच नाही. एडिटिंगला बसलेला पोरगा रात्र रात्र नवरीच्या गालाचा खरा रंग शोधत बसतो. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक फोटोत येतो. भरपाई कोण देतं? कुणी नाही. उलट, ‘नाचाचे फोटो कमी का?’ हा जाब मिळतो.

आणि धवलारीण? तिचा एक फोटो असतो. तोही कुणाच्या तरी खांद्याआडून.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो. नवरा-नवरी एकमेकांना बघतात ती वेळ एक-दोन सेकंदांची. फोटोग्राफर गुडघ्यावर बसलेला, फोकस नवरीच्या डोळ्यांवर, श्वास रोखलेला. आणि समोर मोबाइलचं कुंपण. मामांचा हात, आत्याचा हात, शेजारच्या काकांची सेल्फी स्टिक.

ज्याला पैसे देऊन बोलावलं, त्याच्याच आडवं जायचं. बरं, त्या मोबाइलमधला व्हिडिओ नंतर किती जणांनी उघडून बघितला?

विचारून बघा.

रोलचा जमाना आठवतो? एका रोलमध्ये ३६ फोटो. एक वाया गेला तरी जीव हळहळायचा. म्हणून घरातलं एक जाणतं माणूस फोटोग्राफरला चिकटून असायचं. ‘आता आजीबरोबर. आता मामाकडची मंडळी. त्या कोपऱ्यातल्या काकूंना बोलवा रे कुणी.’ आता कार्डात हजारो फोटो मावतात, पण ते जाणतं माणूस फोटोग्राफरच्या शेजारी दिसत नाही. फोटोग्राफर परका. स्टेजवर न चढलेली, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली म्हातारी नवरीची आजी आहे, हे त्याला कुणी सांगायचं?

तीन हजार फोटो येतात. त्यांत आजी नसते.

उलट उदाहरणही आपण पाहिलंय. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला २५ माणसं आणि २ तास एवढीच मुभा ठेवली होती. नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. पंगत नाही, वरात नाही. पण माणसंच पंचवीस, त्यामुळे त्या अल्बममधून एकही चेहरा सुटला नाही. आणि अल्बमची वाट बघत होते ते न आलेले नातेवाईक. त्यांना नवरीच्या लेहेंग्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना घरची माणसं बघायची होती.

दंडाच्या धाकाने जे जमलं, ते मनाने का जमू नये?

हा सगळा हळवेपणा वाटत असेल तर चिंचपाडा शोधायला निघा. पनवेल तालुक्यातलं गाव. सापडणार नाही. कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे, ही त्याची भावंडं. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेली दहा गावं. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली.

माणसं पुष्पकनगरला गेली, वडघरला गेली, वहाळला गेली. भूखंडाची कागदपत्रं फायलीत नीट लावलेली आहेत. सातबारा सांगतो की जमीन किती होती. ओटा केवढा होता, दाराला कुठला रंग होता, विहीर कुठल्या अंगाला होती, हे सांगणारा कागद कुठल्या सरकारी कार्यालयात आहे?

कुठल्याच नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आहे.

कारण तेव्हा मांडव दारात पडायचा. नवरीच्या मागे दार आलं, कौलं आली, अंगण आलं, कुंपणावरून डोकावणारी शेजारीण आली. त्या फोटोग्राफरला गावाचा इतिहास नोंदवायचा नव्हता. त्याने फ्रेम जरा मोठी धरली, इतकंच. आज त्या गावांचा जवळून घेतलेला पुरावा आहे तो त्याच्या हातचा.

जमिनीचा हिशेब मागायला या मातीत पिढ्या उभ्या राहिल्या. पाच वेळा पनवेलचे आमदार झालेले दि. बा. पाटील पुढे झाले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी गोळ्या झेलल्या. जमिनीचा दाखला टिकला, कारण त्यासाठी माणसं भांडली. घरादाराच्या चेहऱ्याचा दाखला मागायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता मांडव दारात पडत नाही. हॉलमध्ये स्टेज, स्टेजवर फुलांची भिंत. कालच्या लग्नात ती गुलाबी होती, आज पांढरी. फोटो सुरेख येतो, पण तो पनवेलचा की पाटण्याचा, हे सांगता येत नाही. १८५२ ची नगरपालिका २०१६ मध्ये महापालिका झाली, वाडे पाडून इमारती आल्या, आता त्या इमारतींनाही पुनर्विकासाचे वेध लागलेत. नवरी ज्या दारातून निघाली, त्या दाराचा एक फोटो तरी घेतला का?

नाही. ड्रोनसाठी घाई होती.

ड्रोनचंही एकदा नीट समजून घ्या. ड्रोन नियम २०२१ सांगतात की चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. पनवेल विमानतळाला खेटून आहे. ‘दोनच मिनिटं उडव रे’ म्हणणारा नवऱ्याचा मित्र पोलीस आले की गर्दीत दिसेनासा होतो. ड्रोन फोटोग्राफरचा, आणि निस्तरायचंही त्यानेच.

लग्नानंतरही हाच माणूस घरी येत राहतो. डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण. हल्ली दहा-बारा दिवसांच्या बाळाचं शूटही असतं. दोन तळहातांवर हनुवटी टेकवून झोपलेलं बाळ पाहिलंय ना? तो एका क्लिकचा फोटो नसतोच. जाणता फोटोग्राफर दोन फोटो घेतो. एकात आईने बाळाचं डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. मग संगणकावर दोन्ही जोडून आईचे हात पुसून टाकतो. एवढ्याशा बाळाला स्वतःची मान सावरता येत नाही. तरी मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘अस्साच, आत्ता, इथेच’ म्हणणारे भेटतात.

हौस आईबापांची, मान बाळाची.

आणि पुसलेला तो आईचा हात? तो ठेवा की! वीस वर्षांनी त्या लेकराला टोपली आणि लोकरीची टोपी बघायची नसेल. तो हात बघायचा असेल.

आता पैशाचं. मंडपवाला हिशेब मिटवून गेला, केटरर मिटवून गेला. फोटोग्राफरचं बॅलन्स अल्बमवर अडलेलं, अल्बम सिलेक्शनवर, सिलेक्शन घरच्यांच्या सवडीवर. लग्न मे महिन्यात, सिलेक्शन दिवाळीनंतर ‘बघू’. जेवण संपलं, फुलं सुकली, मांडव सुटला. सगळ्यात जे टिकणार आहे, त्याचेच पैसे थकलेले.

वर ‘क्लिकच तर करायचं असतं’. सहा तास दोन कॅमेरे गळ्यात घालून उभं राहा, मग बोलू.

१९५७ चा कॉपीराइट कायदाही एक गोष्ट सांगतो. करारात वेगळं ठरलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाचे फोटो तुमचे. मालकी तुमची असेल तर जपणूक कुणाची? पाच वर्षांनी फोन जातो, ‘दादा, आमचा डेटा असेल ना?’ हार्डडिस्क बंद पडते, पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये हरवतो.

कागदावरचा फोटो पत्र्याच्या पेटीतही तीस वर्षं काढतो. पुरावा घराघरात आहे.

तेव्हा पुढच्या लग्नाला एवढं कराच. फोटोग्राफरच्या हातात माणसांच्या नावांची यादी द्या आणि सोबत ती माणसं ओळखणारं एक माणूस द्या. हळदीला अर्धा तास डीजे बंद ठेवून धवलारीण आवाजासकट रेकॉर्ड करून घ्या. नवरी निघायच्या आधी दाराचा आणि ओट्याचा फोटो घ्या. अंतरपाट खाली येताना मोबाइल खिशात ठेवा. बॅलन्स वेळेवर द्या. पन्नास फोटो कागदावर उतरवा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा.

आणि त्या दहा गावांचे अल्बम. ते आज वेगवेगळ्या इमारतींतल्या कपाटांत विखुरलेत. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, आणि योग्यच केलं. आता त्याच निर्धाराने घरोघरी जा, अल्बम मागा, स्कॅन करा. म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून विचारा की नवरीच्या मागे कोण उभं आहे, घर कुणाचं आहे, गाव कुठलं आहे.

फोटो आणखी पन्नास वर्षं टिकतील. नावं सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत. या रविवारीच जा.